कडू भाकरीचा पहिला घास

अहो, तुम्ही गेल्यापासून मी घरात सगळ्यांना फसवत होते. प्रशांतनं "आई, जेवलीस का?" विचारलं की "हो रे, आत्ताच" म्हणायचं आणि ताट मागच्या दारानं गाईपुढं रिकामं करायचं. आपला लेक पुण्यात राहून लय शहाणा झालाय, पण भाकरी आईनं खाल्ली की गाईनं, एवढं काही त्याला ओळखता येत नाही. तुमच्यापुढं हे नाटक एक वेळही चाललं नसतं. माझ्या ओठांकडं बघून तुम्ही म्हणाला असता, "मॅडम, कोरड पडलीय तोंडाला. कुणाला शेंडी लावताय?"

जेवलीस का, हा प्रश्न तसा तुमचाच. पेपर तपासायला गेलात, ट्रेनिंगला गेलात, कुणाच्या लग्नाला गेलात, दुपारी फोन यायचाच आणि पहिलं वाक्य तेच. मी चिडवायचे, "जन्मभर विज्ञान शिकवलं आणि बायकोला विचारायला एवढा एकच प्रश्न?" एकदा तुम्ही मला पोरांसारखं समोर बसवून समजावलंत. भ्यालेलं शरीर जेवत नाही म्हणालात. भीती असो, दुःख असो, राग असो, शरीर रक्त हातापायांकडं धाडतं, पोटाचं दुकान बंद करतं, थुंकी आटते. "तू बरी आहेस का म्हणून विचारलं तर तू बरी आहे म्हणशील. बायका म्हणतातच. जेवलीस का विचारलं की मला खरं कळतं." त्या दिवसापासून तुमचा फोन आला की मला उगाच बरं वाटायचं, पण हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमचा वर्गही मला अजून दिसतो. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत होते आणि धाडकन आवाज झाला. खडू टाकून पळत आले तर तुम्ही हसत उभे. खिचडीचं मोठं स्टीलचं ताट तुम्हीच पोरांच्या पाठीमागं जाऊन फरशीवर आपटलं होतं. "हात छातीवर ठेवा सगळ्यांनी. काय चाललंय आत? तळहात बघा, ओले झाले का? हे कुणी केलं? किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसल्यात, त्यांनी केलं. काय पडलं हे तुम्हाला नीट कळायच्या आधीच त्यांनी तुम्हाला पळायला तयार केलं." मग दारात मला बघून, "बाईंच्या छातीत काय चाललंय तेही विचारा," म्हणालात. सगळा वर्ग खदाखदा हसला. घरी आल्यावर मी जे तोंड सोडलं, ते शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत बंद केलं नाही.

आपलं ते भांडण तिथूनच सुरू झालं. छाती धडधडते म्हणून आपल्याला भीती वाटते, हे तुमचं म्हणणं. भीती वाटते म्हणून छाती धडधडते, हे माझं. मी म्हणायचे, माणसाला मन म्हणून काही आहे की सगळ्या ग्रंथीच आहेत? पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातपाय गळतात, तळपायाची आग मस्तकात जाते, हे सगळं आमच्या भाषेला तुमच्या पुस्तकांच्या आधी माहीत होतं. त्यावर तुम्ही टाळी वाजवायचात. "बघ, तूच म्हणालीस. गोळा पोटातच आला ना?" मी हरायला लागले की तुमच्या टॉवेलवर, नाहीतर तुमच्या बहिणीवर यायचे आणि तुम्ही म्हणायचात की पळायची वाट सापडली. इतक्या वर्षांत ना तुम्ही मागं सरलात ना मी. आपल्याला दोघांनाही ते भांडण मिटवायचं नव्हतं, असं आता वाटतं.

या भांडणात बाबाराव मधे पडायचे. तुमचा पालमचा लहानपणचा मित्र, एका बाकावर बसलेला, पुढं शाळा सोडून मेंढरांमागं गेलेला. अख्ख्या जगात तुम्हाला "अरे" म्हणणारा तेवढाच एक माणूस उरला होता. दर साली रान मोकळं झालं की ते आपल्या वावरात मेंढरं बसवायला यायचे आणि लिंबाखाली तुमची दोघांची बैठक जमायची. तुम्ही म्हणायचात, लांडगा येऊन गेला की मेंढरं पुन्हा चरायला लागतात, भीती तिथंच संपते, माणूस मात्र ती रवंथ करत बसतो. बाबाराव तंबाखू मळत मान हलवायचे. "सगळी मेंढरं सारखी नसत्यात रे. एखादीचं कोकरू गेलं की ती तोंडच लावत न्हाई." तुम्ही विचारायचात, "पण शेवटी लावते ना?" "लावती. दुसरी शेजारी चरायली तर लावती." मग तुम्ही त्यात पुन्हा काही तरी फाटा काढायचात आणि मी चहा घेऊन येईपर्यंत दोघं हातघाईवर आलेले असायचात.

मग तुमच्या छातीत दुखलं, स्टेंट टाकला. सोडताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "यांना टेन्शन देऊ नका." आमच्यापुरता तो कायदाच झाला. आणि शिकवलं तर तुम्हीच होतं ना आम्हाला, की एकदाच आलेला धक्का शरीर पचवतं, पण घरात मुक्काम ठोकून बसलेला ताण रक्तवाहिन्या खराब करतो! मग आम्ही ताणाला उंबऱ्याच्या आत येऊच द्यायचं नाही असं ठरवलं. टीव्हीवरच्या बातम्या बंद. प्रशांतच्या कंपनीतली भानगड तुमच्यापासून चोरून. गावात कुणाचं काही झालं तर शेजारणीला मी अंगणातूनच डोळ्यांनी दटावायची. आणि मी तुमच्याशी भांडणं सोडलं. तुम्ही म्हणाल ते खरं, तुम्ही कराल ते बरं. एक दिवस तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघत म्हणालात, "मॅडम, भांडत का नाही हल्ली? मी मेलोय का?" मी "काहीतरीच बोलू नका" म्हणून आत निघून गेले.

दिवाळीच्या तोंडावर पालमहून फोन आला. बाबाराव गेले होते. झोपेतच. फोन मी घेतला म्हणून बरं झालं, असं तेव्हा वाटलं. त्यांच्या लेकाला मी हात जोडून सांगितलं, "सरांना कळवू नका रे बाबा, त्यांचं हृदय नाजूक आहे." तुम्ही अंगणात रेडिओ दुरुस्त करत होतात. "कुणाचा फोन?" विचारलंत. "गॅसवाल्याचा," म्हणाले. प्रशांतलाही बातमी सांगून तुमच्यापुढं न बोलायचं बजावलं.

आपल्याकडं माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. जवळच्यांनी भाकर-पिठलं बांधून न्यायचं आणि पहिला घास आपल्या हातानं त्या दुःखातल्या माणसाच्या तोंडात घालायचा. कडू भाकर म्हणतात तिला. जवळच्या घरून ती आली नाही तर माणसं जन्मभर विसरत नाहीत. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी पालमला निघाले असते तर तुम्ही विचारलं असतं कुठं, आणि तुमच्यापुढं माझं तोंड लगेच बोललं असतं. म्हणून मी गेले नाही. बाबारावांच्या बायकोला, गयावहिनींना काय वाटत असेल या विचारानं माझा जीव खालीवर व्हायचा, आणि तुम्ही रोज विचारायचात, "बाब्याचा फोन कसा नाही?" मी सांगायचे की मेंढरं घेऊन लांब गेलेत, तिकडं रेंज नसते.

दिवाळी झाल्यावर तुम्ही पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं काढलंत. "परभणीला जातो. भाकरी आणि पिठलं बांधून दे," म्हणालात. मला नवल वाटलं. परभणीला गेलं की हॉटेलातली भजी खायची संधी तुम्ही कधी सोडली नव्हती. डॉक्टरांचं ऐकायला लागले म्हणून मी आनंदानं भाकरी थापल्या, पिठलं घट्ट केलं, बिनमिठाचं नको म्हणून चिमूटभर मीठही टाकलं. दिवेलागणीला तुम्ही परत आलात. विजारीला मेंढीचे केस चिकटले होते. "बसमध्ये कुणी तरी शेरडं-मेंढरं घेऊन बसलं होतं," म्हणालात. पोटभर जेवलात. पिठलं चांगलं झालं होतं म्हणालात. आणि त्यानंतर तुम्ही मला बाबारावांचं कधीच विचारलं नाही. खोटं बोलणं सुटलं म्हणून मी मोकळा श्वास घेतला. आणि पुरुषांची मैत्री बघा, महिनाभरात विसरले, असं म्हणून मनातल्या मनात तुम्हाला नावंही ठेवली.

तुम्ही गेलात ती दुपार साधी होती. ज्वारी हुरड्यात आलेली, तुम्ही जेवून लिंबाखाली खुर्चीत बसलेले. मी पाणी घेऊन आले. तुमची मान एका अंगाला कललेली होती, तशी ती रोजच कलायची. पण माझे हात गार पडले. तांब्या हातातून निसटला, पायातली ताकद गेली, कानात आवाज सुरू झाला, आणि मग, त्यानंतर, मला कळलं. तुमचं म्हणणं मला तिथं उभ्या उभ्या मान्य करावं लागलं, अहो. शरीराला आधी कळतं. हे ऐकायला तुम्ही नव्हतात, याचा मला इतका राग आला की सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या बहिणीनं माझ्या तोंडात कडू भाकरीचा घास घातला. तो गालातच राहिला. थुंकी नाही, घसा उघडत नाही, भाकरीचा भुगा जिभेवर तसाच. मी मागं जाऊन पदरात काढून टाकला. माझ्या पोटात दुःख होतंच, पण त्याच्या वर आणखी एक गोष्ट बसली होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. तुम्ही गेलात ते बाबाराव जिवंत आहेत असं समजून. ज्वारी निघाली की बाब्या मेंढरं घेऊन येणार म्हणून वाट बघत. तुमच्या एकुलत्या एक मित्रासाठी रडायचा तुमचा हक्क होता आणि तो मी काढून घेतला होता. तुमचं हृदय जपता जपता त्यातलं काय काय मी कोंडून ठेवलं, हा विचार मला घास गिळू देत नव्हता.

तेरवी झाली, मंडळी पांगली. काल दुपारी फाटकाशी बोलणं ऐकू आलं. प्रशांत दबक्या आवाजात कुणाला तरी सांगत होता, "काकू, आत या, पण आईसमोर बाबारावकाकांचं काही बोलू नका. तिला टेन्शन येईल. म्हणून तर बाबा गेल्याचं मी तुम्हाला कळवलं नव्हतं." अहो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेच शब्द, तोच माझा आवाज, आणि आता कोंडून ठेवायची पाळी माझी! मी आतूनच ओरडले, "काय बोलू नका? कोण आलंय? आत येऊ दे!"

गयावहिनी होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरातलं वर्ष अजून सरलेलं नाही, तरी पालमहून दोन बस बदलून, हातात फडक्याचं गठुडं घेऊन आलेल्या. मला बघून त्यांनी गळा काढला नाही. माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि गठुडं सोडायला लागल्या. मला त्यांच्याकडं बघवेना. मी म्हणाले, "वहिनी, आमच्या घरून तुमच्याकडं भाकर आली नाही. मला माफ करा."

त्यांचे हात थांबले. "असं काय बोलायलाव बाई? आली की."

"कुणी आणली?"

"सरांनी."

प्रशांत दारातून दोन पावलं आत आला.

"तुमच्या घरून कोण आलं न्हाई म्हणून माझा लेक रुसून बसला व्हता," वहिनी सांगायला लागल्या. "दिवाळी झाली आन् एक दिवस दुपारच्या गाडीनं सर आले. दोन दिस आधी झरीच्या फाट्यावर आमच्या पालमचं कुणी तरी भेटलं म्हणं, त्यानं इचारलं, सर, बाबारावाच्या मयतीला कसे दिसला न्हाईत? तवा कळलं त्यांना. आले, फडकं सोडलं, तुमच्या हातची भाकर मोडली आन् पहिला घास माझ्या तोंडात घातला. आन् मग बाई, जे रडले! गुडघ्यावर हात आपटून, मोठ्यानं. वाड्यातली मेंढरं बघायला लागली. त्यांचं रडणं बघून माझंच थांबलं. मी घाबरले, म्हटलं सर, छातीत दुखायलंय का? तर त्यांनी आपल्याच हाताची नाडी धरली, जरा गप बसले आन् हसले. म्हणाले, वहिनी, चालूच हाय."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तुम्ही नाडी धरून बसल्याचं मला दिसतच होतं. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणाले, घरी बोलू नका. निर्मलानं लय मेहनतीनं लपवलंय माझ्यापासून. मला कळलंय हे तिला कळलं तर तिला टेन्शन येईल."

अहो, तुम्हाला काय म्हणू मी? लबाड! इतका लबाड माणूस! हयातीचा दाखला म्हणे, बसमध्ये मेंढरं म्हणे! मी तुमच्यासाठी रोज खोटं बोलून झिजत होते आणि तुम्ही माझ्या खोट्याला जपत माझ्याच ताटात जेवत होतात! दोघंही एकमेकांना टेन्शन नको म्हणून एका घरात तोंड बंद करून बसलो. इतकी वर्षं आपण टॉवेलवरून, मिठावरून, मनावरून आणि ग्रंथींवरून भांडलो, आणि खरं भांडायची वेळ आली तेव्हा दोघंही शहाणे झालो. मी हे सगळं मोठ्यानं बोलत होते म्हणे. मला कळलं नाही. प्रशांत पुढं येऊन म्हणाला, "आई, शांत हो, तुझं बीपी..." तर गयावहिनी त्याच्यावर खेकसल्या, "बस खाली गुमान. बोलू दे तिला. रडू दे."

आणि मी रडले. तुमची मयत उचलली तेव्हा रडले होते त्याहून वेगळं. नाकातून, डोळ्यांतून, घशातून, सगळीकडून पाणी सुटलं. मध्येच वहिनींनी भाकर मोडली, पिठल्यात बुडवली आणि माझ्या तोंडात घातली. मग दुसरा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला आणि माझ्या शेजारी बसून सावकाश चावायला लागल्या. मीही चावायला लागले. घास ओला झाला आणि खाली उतरला.

आता बघा, शरीराला आधी कळतं हे तुमचं म्हणणं मी त्या दुपारी मान्य केलं होतं. पण इतके दिवस बंद पडलेलं पोट काल उघडलं ते कशानं? कुठल्या गोळीनं नाही. तुम्ही बाबारावांसाठी रडलात, एवढं कानावर पडलं म्हणून उघडलं. हे माझ्या बाजूनं मांडून ठेवा. तुमच्याकडं याला काहीतरी उत्तर असणारच, कुठल्या तरी नसेचं नाव घेऊन तुम्ही हे पुन्हा शरीराच्याच नावावर लावाल. लावा. मला ते ऐकायचं होतं.

तुमच्या छातीबद्दल मला एक गोष्ट आता कळली. आम्हाला वाटलं होतं तितकी ती नाजूक नव्हती. तुम्ही मित्राचं मरण ऐकलंत, गंगाखेडमार्गे एवढा प्रवास केलात, मोकळेपणानं रडलात, आणि संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवलात. ती रात्र तुम्ही शांत झोपला होतात, मला आठवतंय. गेलात त्याला पुढं कितीतरी दिवस होते. म्हणजे रडण्यानं नाही गेलात. आणि मित्रासाठी न रडताही नाही गेलात. एवढं कळलं तरी मला पुरे आहे.

रात्री प्रशांतला मी समोर बसवलं आणि त्याच्या कंपनीचं काय झालं ते सगळं विचारलं. नोकरी गेलीय त्याची, दिवाळीच्याही आधी. खाली मान घालून सांगत होता. माझ्या छातीत धडधडलं, तळहात ओले झाले, तुम्ही सांगायचात तसं सगळं झालं. मग ते हळूहळू बसलं. मी त्याला म्हणाले, दोन भाकरी टाकते, आधी जेव, मग बघू. आम्ही दोघं चुलीपाशीच बसलो. त्यानं खाल्लं, त्याच्या शेजारी बसून मीही खाल्लं. पिठल्यात मीठ जरा जास्तच पडलं होतं.

आज दुपारी फोन वाजला नाही. तुमची वेळ झाली तशी मी उगाच त्याच्याकडं बघत बसले. म्हणून हे लिहायला घेतलं.

विचारणारच होतात ना? जेवले, अहो. खरंच जेवले.